हायपरव्हायजरवरच चालणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम कशी रचावी

आपली सिस्टिम फक्त व्हर्च्युअल मशीनमध्येच, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकातच, चालणार, हे एकदा ठरलं की नाना कंपन्यांच्या कार्डांचे आणि डिस्कचे ड्रायव्हर लिहिण्याचं ओझं उतरतं. केंब्रिज विद्यापीठातल्या झेन प्रकल्पाने २००३ मध्येच दाखवून दिलं होतं, की गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या सिस्टिमला, आपण हायपरव्हायजरवर (अशी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आहोत हे ठाऊक असेल तर बरंच काम हलकं होतं. मात्र एक गोष्ट सतत ध्यानात ठेवा: गेस्टमधून हायपरव्हायजरकडे जाणारी प्रत्येक फेरी महाग असते. सगळी रचना या फेऱ्या वाचवण्यासाठी करायची.

सुरुवातीला लिनक्सवर केव्हीएम (लिनक्समधला हायपरव्हायजर) आणि क्यूमू (व्हर्च्युअल मशीनची डिव्हाइस पुरवणारा प्रोग्रॅम) घ्या. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना, तेवढं बघा.

बूटसाठी पीव्हीएच ही कर्नल थेट सुरू करणारी पद्धत निवडा. कर्नलच्या ईएलएफ फाइलमध्ये (लिनक्सवरच्या प्रोग्रॅम-फाइलचा नेहमीचा प्रकार) सुरुवातीचा पत्ता सांगणारी एक नोट घातली की क्यूमू थेट ३२-बिट प्रोटेक्टेड मोडमध्ये तुमच्या कोडवर येतो. प्रोसेसर सुरू होतानाच्या १६-बिट मोडचा जुना घोळ तुमच्या वाट्याला येत नाही. ईबीएक्स रजिस्टरमध्ये सुरुवातीच्या माहितीचा पत्ता मिळतो, मेमरीचा नकाशाही तिथूनच. मग पेज टेबल (व्हर्च्युअल पत्ते फिजिकल पत्त्यांशी जोडणारे तक्ते) बांधा आणि ६४-बिटमध्ये शिरा.

पहिलं अक्षर सीरियल पोर्टवर छापा. डीबगिंगला हे उत्तम, पण इथे अक्षरागणिक एक फेरी होते, म्हणून जास्तीची बडबड नंतर काढून टाका.

वेळ केव्हीएमच्या घड्याळाकडून घ्या. होस्ट, म्हणजे खालचं खरं मशीन, मेमरीतल्या एका सामायिक पानावर आकडे लिहितो, आपण फेरी न मारता वाचतो. त्या पानावरचा आवृत्तीचा आकडा विषम असेल (म्हणजे होस्टचं लिहिणं चालू आहे) किंवा वाचताना बदलला असेल, तर पुन्हा वाचायचं.

खरा कस लागतो तो व्हर्टआयओमध्ये, म्हणजे गेस्ट आणि व्हर्च्युअल डिव्हाइस यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या ठरलेल्या पद्धतीत, तिथे घाई नको. डिस्कवरून वाचायचं तर तीन डिस्क्रिप्टरची (बफरचा पत्ता आणि लांबी सांगणाऱ्या नोंदींची) साखळी लागते: १६ बाइटचं हेडर, डेटाचा बफर आणि निकालाचा एक बाइट. शेवटचे दोन डिव्हाइस लिहिणार, म्हणून त्यांच्यावर तसा फ्लॅग हवाच. पत्ते फिजिकल द्या. व्हर्च्युअल दिलेत तर डिव्हाइस भलत्याच जागी लिहील. साखळीचा क्रमांक अव्हेलेबल रिंगमध्ये (डिव्हाइससाठीच्या मागण्यांच्या यादीत) ठेवा, मेमरी बॅरियर (मेमरीतल्या लिहिण्या-वाचण्याचा क्रम राखणारी सूचना) घाला, त्यानंतरच रिंगचा इंडेक्स वाढवा. डिव्हाइसला कळवण्याआधी पुन्हा बॅरियर हवा, कारण ‘कळवू नका’ हा त्याचा फ्लॅग तेव्हाच तपासायचा असतो. दहा मागण्या असतील तर दहाही रिंगमध्ये भरा आणि एकदाच कळवा. माझ्या मते संपूर्ण सिस्टिमचा वेग इथेच ठरतो.

काम नसेल तेव्हा लूपमध्ये फिरत राहू नका, होस्टचा कोअर फुकट जळतो. इंटरप्ट (डिव्हाइसकडून प्रोसेसरला येणारी हाक) बंद करून कामांची रांग तपासा. रिकामी असेल तर एसटीआय (इंटरप्ट चालू करणारी सूचना) आणि लगेच पुढे एचएलटी (इंटरप्ट येईपर्यंत थांबवणारी सूचना) लिहा. एसटीआयनंतरच्या एका सूचनेपुरता प्रोसेसर इंटरप्ट थोपवून धरतो, त्यामुळे मधल्या फटीत आलेला इंटरप्ट निसटत नाही आणि गेस्ट वेळेवर जागा होतो.