छतावर सोलर बसवायचंय? आधी हे बघा

आधी वर्षभराची लाइटबिलं काढा आणि महिन्याला सरासरी किती युनिट जळतात ते बघा. १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, म्हणजे महिन्याला ३०० च्या आसपास लागत असतील तर ३ किलोवॅट पुरतं, उगाच सेल्समन म्हणतो म्हणून ५ चं घेऊ नका. जागा किलोवॅटमागे १०० स्क्वेअर फूट धरा, पॅनलचं तोंड दक्षिणेला, आणि पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या नारळाची सावली पडते का ते सकाळ-दुपार वर जाऊन बघाच, कारण थोडी सावली पण बरीच वीज खाते.

फायदा सरळ आहे, नेट मीटरमुळे (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जाते आणि बिलात वळती होते, शिवाय पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी.

आता जे कोणी आधी सांगत नाही ते, लाइट गेली की साधं ऑन-ग्रिड (बॅटरी नसलेलं, ग्रिडला जोडलेलं) सोलर पण बंद पडतं, भर उन्हात सुद्धा! लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तसं केलेलं असतं. बॅकअप हवा तर बॅटरीवालं हायब्रिड घ्या, पण खर्च बराच वाढतो. जुलै-ऑगस्टमध्ये युनिट कमी पडणारच. आणि उन्हाळ्यात पॅनलवरची धूळ पुसायची, पण भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.