मुंबईत भाड्याचं घर घेताना

आमच्या साताऱ्याकडची पोरं नोकरीला मुंबईत आली की घर शोधायला माझ्याकडेच येतात. पगार बेताचा असेल तर दादर-अंधेरीच्या नादी लागू नका. डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा बघा. मात्र घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. सकाळी आठला जा. स्टेशनपर्यंतची रिक्षाची रांग दिसते, नळाला पाणी येतं का तेही कळतं.

टोकन, म्हणजे घर पक्कं करायची आगाऊ रक्कम, देण्याआधी लाइटबिल मागा. त्यावरचं नाव घरमालकाचं नसेल तर इंडेक्स टू, म्हणजे घर कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा नोंदणी कार्यालयाचा उतारा, बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. डिपॉझिट बँकेतूनच द्या.

करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी हवीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55: नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे एजंट सांगत नाहीत, याचा मला फार राग येतो.

चावी मिळाली की सामान लावण्याआधी भिंतीची ओल, फुटकी लादी, मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. घर सोडताना रंगाचे पैसे कापायची भाषा निघते, तेव्हा हेच फोटो पुढे करा.