डी.एल.एड. कोल्हापुरात करताय? मग टाचणाआधी हे करा

आमची शाळा हातकणंगले तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. डी.एल.एड.चे, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याच्या कोर्सचे, छात्राध्यापक आंतरवासितेला (शाळेत प्रत्यक्ष शिकवायच्या सरावाला) आमच्याकडे येतात. जुलैत येणाऱ्यांना जो वर्ग दिसतो, तो दिवाळीनंतर येणाऱ्यांना दिसत नाही. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की बीडकडची मुलं पालावरून येऊन वर्गात बसतात आणि गळीत हंगाम संपला की जातात. वीटभट्टीवरची मुलं येतात. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कामाला आलेल्या बिहारी कुटुंबांची असतात. घरी कन्नड बोलणारी तर या भागात पिढ्यानपिढ्या आहेत. मी स्वतः हा कोर्स कोल्हापुरातच केला. तेव्हा समावेशित शिक्षण (सगळ्या प्रकारच्या मुलांना एकाच वर्गात सामावून शिकवणं) म्हणजे परीक्षेला येणारा एक घटक, एवढीच त्याची ओळख होती. शाळेत आल्यावर कळतं की त्याची खरी परीक्षा टाचणाच्या वहीत होते.

टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, ‘विद्यार्थी कृती’ असा एक रकाना असतो. तिथे शंभरातले नव्वद जण लिहितात, ‘विद्यार्थी उत्तरे देतील.’ सिनियरच्या फाईलवरून उतरवलेलं वाक्य आहे हे, आणि त्या सिनियरनेही ते कुणाच्या तरी फाईलवरूनच घेतलेलं असतं. कोणते विद्यार्थी? पुढच्या दोन बाकांवरचे चौघे देतील, हे सांगायला टाचण कशाला हवं? म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी पाठ घेऊच देत नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलाबद्दल तीन गोष्टी लिहून आणायला सांगते: घरी कोणती भाषा बोलतात, घरात कोण काय काम करतं, आणि मूल शाळेबाहेर कशात तरबेज आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला सगळ्यांत वेळ लागतो. पालावरची एखादी चौथीतली मुलगी भावंडाला कडेवर घेऊन येते. चुलीवरचा स्वयंपाक, किराण्याचा हिशेब, सगळं तिला येतं. मराठीचं वाचन मात्र जोडाक्षरापाशी अडतं. तिला पहिलीचं पुस्तक देऊन कोपऱ्यात बसवू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं असतं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. आणि ते भावंड वर्गात बसलं तर बसू द्या. त्याला हाकललंत तर तीही जाईल.

भाषेचं सांगायचं तर सगळ्यांत सोपं उदाहरण गणितात सापडतं. पंचेचाळीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, लिहिताना चार आधी येतो. एकोणपन्नासमध्ये तर पन्नास ऐकू येतं आणि लिहायचे असतात चार आणि नऊ. घरी कन्नड बोलणारं मूल पंचेचाळीसला ‘नलवत्तैदु’ म्हणतं, म्हणजे चाळीस आणि पाच, लिहितो त्याच क्रमाने. अशा मुलाने 45 च्या जागी 54 लिहिलं तर त्याचं गणित कच्चं आहे असा शेरा मारण्याआधी त्याच्या भाषेत मोजायला सांगा, बऱ्याचदा ते बरोबर मोजतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसला ‘वीस एक, वीस दोन’ म्हणायची वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. टीव्हीवर भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीला शिकवलं होतं कोण जाणे. आमच्या वर्गात ती रीत जुन्या रीतीच्या जोडीने वापरली की कन्नड घरातल्या मुलांना पकड चटकन येते. मराठी घरातल्या मुलांचाही गोंधळ कमी होतो, हा वरचा फायदा.

परिसर अभ्यासात मात्र जपून. ‘काल घरी काय जेवलात?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण कुणी गप्प होतं, कुणी खोटं सांगतं, कुणावर बाकीचे हसतात. त्यापेक्षा ‘घरी पाणी कुठून येतं, कोण भरतं’ विचारा. बोअर, टँकर, नळ, कालवा असं सगळं फळ्यावर येतं आणि पाठ आपोआप पुढे सरकतो. सणांच्या पाठाला फक्त दिवाळीचा किल्ला नको. गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले की कोल्हापुरातल्या काही तालमींमध्ये गणपती आणि मोहरमचे पंजे शेजारी बसतात. आपल्या गावातलं एवढं चांगलं उदाहरण सोडून पुस्तकातलं रंगीत चित्र कशाला दाखवायचं?

आता दिव्यांग मुलांबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. टीईटीसाठी (शिक्षक पात्रता परीक्षेसाठी) ते पाठ कराच. वर्गात गेल्यावर मात्र पाठांतर पुरत नाही. डोळ्यांनी कमी दिसणारं मूल असेल तर फळ्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवावं लागतं, म्हणून बरेच जण लिहिता लिहिताच बोलतात. त्याच वर्गात कमी ऐकू येणारं मूल असेल तर फळ्याकडे तोंड करून बोललेलं त्याच्यापर्यंत पोचतच नाही, कारण त्याला तुमचे ओठ दिसायला हवेत. उपाय सोपा आहे, पण अंगवळणी पडायला वेळ लागतो: आधी मुलांकडे तोंड करून बोला, मग गप्प राहून लिहा, मग वळून पुन्हा वाचा. पाठ थोडा लांबतो. निरीक्षकांनी वेळेचा शेरा मारला तर मारू द्या. कमी दिसणाऱ्या मुलाला सरसकट पहिल्या बाकावर बसवू नका. खिडकीच्या उजेडाची तिरीप कुठून येते ते बघा आणि त्यालाच विचारा. निदान करणं आपलं काम नाही. शंका आली तर नोंद ठेवा आणि मार्गदर्शक शिक्षकांमार्फत गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवा. ‘मतिमंद वाटतो’ असं पालकांना तोंडावर सांगणारे मी पाहिलेत.

राजर्षी शाहू महाराजांवर भाषण तुम्हाला करावं लागणारच. 1917 चा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा सगळेच सांगतात. माझ्या मते आपल्या विषयाच्या जास्त जवळचा 1919 चा हुकूम आहे. अस्पृश्य मुलांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांबरोबर एकाच शाळेत घ्यावं, असा तो होता. एका शाळेत घेतल्यावर एका वर्गात कसं शिकवायचं, ते काम अजून चालू आहे.

नोकरीचं थोडक्यात. कोर्सच्या प्रवेशासाठी बारावीला खुल्या प्रवर्गाला 49.5 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 44.5. कोर्स दोन वर्षांचा. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकसाठी बी.एड. चालणार नाही असा निकाल दिला, तेव्हापासून डी.एल.एड.ला पुन्हा विचारणा वाढली आहे. पुढे टीईटीचा पहिला पेपर, 150 गुणांचा. त्यात बालमानसशास्त्राचे 30 गुण असतात आणि समावेशित शिक्षणाचे प्रश्न तिथेच येतात. वर्गात मुलं पाहिलेली असतील तर ते गुण फारसे जात नाहीत. मग 200 गुणांची टेट, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, नंतर पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ. सुरुवातीची तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून जातात. 2023 पासून प्राथमिकसाठी मानधन महिन्याला 16,000 रुपये आहे. घरच्यांना हा आकडा आधीच सांगून ठेवा.

पोर्टलवर पसंतीक्रम भरताना कोल्हापूरच मिळेल असं धरून चालू नका. नंदुरबारला गेलात तर पावरी कानावर पडेल, गडचिरोलीत गोंडी. वर्गाची तीन प्रश्नांची वही तिथेही पहिल्या आठवड्यातच सुरू करा, आणि शंभरपर्यंतचे आकडे मुलांकडून त्यांच्या भाषेत म्हणून घेऊन त्याच वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा.