छताचं ड्रॉइंग बघायचं कसं

मायकेलअँजेलोने रंगवलेलं सिस्टीन चॅपेलचं, म्हणजे व्हॅटिकनमधल्या प्रार्थनाघराचं, छत सगळ्यांना माहीतीये, पण १५०८ च्या सुमाराचं त्याचं एक सुरुवातीचं ड्रॉइंग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, ते मोठं करून नक्की बघा.

आधी आकृत्या सोडा आणि नुसते चौकोन, गोल, पट्ट्या बघा, कुठली रेघ कुठे जाऊन मिळते ते बोटाने फिरवून बघा. कागदावर छताचा छोटासाच तुकडा आहे, कारण डिझाइन रिपीट होतं. बाकीचं आपण मनात जोडायचं, आरशात धरल्यासारखं, आणि खरी मजा इथेच आहे!

मग शाई. तपकिरी शाईच्या रेघा ठाम, त्यांच्याखाली फिकट रेघा, म्हणजे आधी चाचपडून मग पक्कं केलंय. त्याच कागदावर उरलेल्या जागेत त्याने हातांचा अभ्यास केलाय, दंड, कोपर, वळलेले स्नायू. मला तर छतापेक्षा तेच जास्त आवडतात, माणूस काम करताना दिसतो.

एक लक्षात ठेवा, कागद सपाट आहे पण छत कमानीसारखं वळलेलं, साधारण ४० मीटर लांब, त्यामुळे कागद थोडा वाकवून डोक्यावर धरल्याची कल्पना करा.

शेवटी पूर्ण झालेल्या छताचा फोटो शेजारी ठेवा. सुरुवातीला आसनांवर बारा प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, बसवायचा बेत होता, १५१२ ला छत पूर्ण झालं तेव्हा त्या जागी सात संदेष्टे आणि पाच सिबिल, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या बायका, बसलेल्या होत्या. आसनं मात्र राहिली, ती शोधा.