रात्रीची जळजळ: उशी नको, पलंग उचला

आडवं झालं की छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, सकाळी बसलेला आवाज आणि कोरडा खोकला. हे सगळं एकत्र असेल तर गडबड बहुधा अन्ननलिकेच्या खालच्या झडपेत असते. ती सैल पडली की जठरातलं आम्ल वर चढतं. उभं असताना गुरुत्वाकर्षण ते खाली ठेवतं, झोपल्यावर तो आधार जातो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे दोन-तीन उशा. त्यांनी मान वर जाते खरी, पण पोटाची घडी होते, दाब वाढतो आणि आम्ल आणखीच वर येतं. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली १५ ते २० सेंटीमीटर उंचीचे लाकडी ठोकळे ठेवा. ठोकळ्याला वरून खोलगट खाच हवीच, नाहीतर कूस बदलताना पलंगाचा पाय निसटतो. झोपायचं डाव्या कुशीवर; जेवण ३ तास आधी उरकलेलं असावं.

डॉक्टरांनी ओमेप्राझोल हे जठरातलं आम्ल कमी करणारं औषध दिलं असेल तर ते जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायचं. अनेकजण जळजळ सुरू झाल्यावर घेतात आणि मग गोळीलाच नावं ठेवतात.

घास अडकणं, काळी शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना घटणारं वजन, यातलं काहीही दिसलं तर ठोकळ्यांचं नंतर बघा, आधी तपासणी. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर ‘ॲसिडिटीच असेल’ म्हणत बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.