अहवाल छापायला नेण्याआधी वर्डमध्ये करायची तयारी

फाइलची एक प्रत वेगळी ठेवा. कागद ए४ आहे ना ते आत्ताच बघा, नंतर बदलला तर सगळी पानं सरकतात. बायंडिंगसाठी डावा समास मोठा.

होम टॅबवरचं परिच्छेदाचं चिन्ह, तो उलटा पी, दाबा आणि काम संपेपर्यंत चालू ठेवा. त्याशिवाय ब्रेक, म्हणजे पान किंवा भाग तोडणाऱ्या खुणा, दिसत नाहीत, आणि न दिसणारा ब्रेक चुकून खोडला जातो. सेक्शन ब्रेक, म्हणजे वेगळ्या मांडणीचे भाग पाडणारी खूण, खोडला की वरचा भाग खालच्या भागाची मांडणी घेतो. मग आडवं पान उभं का झालं, ते शोधत बसा.

प्रकरण नव्या पानावर न्यायला एंटरवर एंटर मारले असतील तर सगळे काढा. वर दोन ओळी वाढल्या की शीर्षक पानाच्या मध्यावर येतं. कंट्रोल-एंटर मारा, किंवा त्याहून बरं म्हणजे हेडिंग १ च्या स्टाइलमध्येच ‘पेज ब्रेक बिफोर’ला टिक करा.

मुखपृष्ठ कोरं, ऋणनिर्देशाला रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून १ हवा असेल तर साधा पेज ब्रेक चालत नाही. लेआउट, ब्रेक्स, सेक्शन ब्रेकमधला ‘नेक्स्ट पेज’. आणि आता, आकड्याला हात लावण्याआधी, ‘लिंक टू प्रीव्हियस’, म्हणजे आधीच्या सेक्शनशी असलेली जोड, बंद करा. आधी बंद, मग आकडे. नव्या सेक्शनच्या तळाशी डबल क्लिक केलं की वर ते बटण दिसतं. हे राहिलं तर मुखपृष्ठावरचा आकडा खोडताच पुढच्या प्रकरणांतलेही जातात. मागच्या वेळी माझं हेच राहिलं, आणि कळलं ते बायंडिंग झाल्यावर. हेडरचं, म्हणजे पानाच्या वरच्या पट्टीचं, वेगळं बंद करावं लागतं, फूटरचं, म्हणजे तळाच्या पट्टीचं, वेगळं. ‘डिफरंट फर्स्ट पेज’ला टिक असेल तर त्या पहिल्या पानाचं आणखी वेगळं. तिन्ही बघा.

नाशिकचे १५ तालुके रकान्यांत घेतलेला द्राक्ष लागवडीचा तक्ता उभ्या पानात मावत नाही. त्याच्या आधी एक सेक्शन ब्रेक, नंतर एक, आणि मधल्या पानापुरतं लँडस्केप. नंतरचा विसरलात तर पुढचा सगळा अहवाल आडवा. नवे सेक्शन आले, म्हणजे लिंक टू प्रीव्हियस पुन्हा आलं: नवा सेक्शन आधीच्याला जोडलेलाच असतो. आडव्या पानाचा फूटर बदलायचा असेल तर त्या सेक्शनवर बंद करा आणि त्याच्या पुढच्यावरही, नाहीतर बदल तिथेही उतरतो. आकडे ‘कंटिन्यू’वर ठेवा, नाहीतर तक्त्यानंतर पुन्हा १ पासून सुरू.

तक्त्याच्या शीर्षकाला ‘कीप विथ नेक्स्ट’, म्हणजे ते तक्त्यापासून तुटत नाही. लांब तक्त्याला ‘रिपीट हेडर रोज’, म्हणजे वरची ओळ प्रत्येक पानावर येते. अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी ताजी करा, तिच्यात क्लिक करून एफ९ दाबून. पीडीएफ घरीच करा. कॉलेज रोडवरच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमचा फाँट नसेल तर ओळी बदलतात आणि पानंही. पीडीएफमध्ये मुखपृष्ठ, पहिलं प्रकरण, आडवं पान आणि त्याच्या पुढचं पान, या चारांचे आकडे तपासा. एक जरी चुकला तरी परत वर्डमध्ये जाऊन लिंक टू प्रीव्हियस बघा. मगच पेनड्राइव्हवर घ्या.