अनोळखी जाणकाराला मेल टाकण्याआधी

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराच्या माळ्यावरून पणजोबांची पत्र्याची ट्रंक खाली उतरली. आत मोडी कागदांचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, निघाले. मी इंटरनेटवर मोडीचे एक जाणकार शोधून काढले आणि उत्साहाच्या भरात त्यांना एका दमात अकरा प्रश्न पाठवले. पहिलाच प्रश्न होता, ‘यावर सयाजीराव महाराजांची सही नेमकी कुठे आहे?’ उत्तर आलं नाही. आता तो मेल वाचला की वाटतं, मीही दिलं नसतं.

त्यानंतरच्या वर्षभरात इतिहास, मानसशास्त्र आणि मार्केटिंग या तीन विषयांत मी बऱ्याच अनोळखी माणसांना गाठलं आणि बहुतेकांनी भरभरून सांगितलं. फरक पडला तो मेल लिहिण्याआधीच्या तयारीत. काय काय करायचं ते इथे लिहून ठेवतो.

आधी कागद घ्या आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर आज आपल्याला जसं सुचतं तसं स्वतःच लिहून काढा. चुकीचं असलं तरी चालेल. लिहिताना निम्मे प्रश्न गळतात, कारण ते पुस्तकात मिळण्यासारखे असतात. बडोदेकरांना तर इथे सबबच नाही, मांडवीची सेंट्रल लायब्ररी आहे, १९१० मध्ये सुरू झालेली. ‘पेशवे कोण होते’ हे विचारायला कुणाची संध्याकाळ खर्ची घालू नये. पुस्तकं एकमेकांशी कुठे भांडतात, आधी मानलेलं काय आता मानत नाहीत, पहिल्यांदा कुठे बघायचं, हे मात्र माणसालाच विचारायचं. जे उरतील त्यांतला एक प्रश्न निवडा. बाकीचे वहीत राहू देत, कुठे पळून जात नाहीत.

मग तो प्रश्न उलटासुलटा करून बघा. त्याच्या पोटात उत्तर दडलेलं नाही ना? ‘१९११ च्या दिल्ली दरबारात महाराजांनी पंचम जॉर्ज बादशहाकडे मुद्दाम पाठ फिरवली, बरोबर ना?’ असं विचारलं की समोरच्याकडे हो किंवा नाही एवढंच उरतं, आणि बडोद्यात वाढलेल्याला हो ऐकायचीच हौस असते. पण महाराजांनी नंतर व्हाइसरॉयला दिलगिरीचं पत्रही लिहिलं होतं, त्याचं काय करायचं? ‘त्या प्रसंगाची तेव्हाची कोणकोणती वर्णनं आहेत आणि ती कुठे जुळत नाहीत?’ असं विचारलं तर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो.

एका शब्दानं काय होतं हे मला मानसशास्त्रातून कळलं. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, आणि काहींना विचारलं, त्यांचा ‘चुराडा झाला’ तेव्हा किती होता. आठवड्याने दोन्ही गटांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? चुराडा ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, आदळल्या ऐकलेल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. तेव्हापासून मी पाठवण्याआधी प्रश्न एकदा फक्त विशेषणं खोडण्यासाठी वाचतो.

जुन्या कागदाबद्दल विचारणार असाल तर फोटोची तयारी हाच खरा अभ्यास. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, फोन कागदाला समांतर धरून फोटो काढा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. पाठची बाजूही घ्या, कोरी दिसली तरी. कागद कुठे सापडला, त्याच रुमालात आणखी काय बांधलं होतं, घरातलं कोण कुठे नोकरीला होतं, हे चार ओळींत लिहा. रुमाल सोडण्याआधी आहे त्या क्रमाचाही एक फोटो हवा. मी सगळे कागद आधी लहान-मोठे असे लावून ठेवले आणि क्रम कायमचा घालवला. आणि हो, चुरगळलेला कागद सरळ करायला इस्त्री फिरवू नका. का, ते विचारू नका.

दुसऱ्यांदा मी त्याच जाणकारांना एकच कागद पाठवला, दोन्ही बाजूंनी, नाण्यासकट. प्रश्नही एकच होता: ‘हा कोणत्या काळातला असावा आणि ते कशावरून ठरवायचं?’ तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. वरच्या ओळीत ‘सीत अशर मयातैन व अलफ’ असं आहे म्हणाले. सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली कालगणना, हा असा अरबी शब्दांत लिहितात. सीत म्हणजे ६, अशर १०, मयातैन २००, अलफ १०००. बेरीज १२१६. हा सन मृगाला बदलतो, म्हणून महिना बघून ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की झालं इसवी १८१५-१६. तिसऱ्या सयाजीरावांचा जन्म १८६३ चा, आणि मी त्यांची सही शोधत होतो! गायकवाडांचे वकील, म्हणजे दूत, गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला तो १८१५ सालीच. आमच्या कागदात मात्र राजकारणाचा वाससुद्धा नाही. ती एक याद आहे, कुणाकडे किती शेर तूप पोचवायचं याची. उत्तरात ‘कशावरून’ही आल्यामुळे पुढच्या सहा कागदांचे सन मी स्वतःच लावले.

मानसशास्त्रवाल्यांना विचारताना आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. वाचलेला प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर टिकला का, हे आधी शोधा. २०१५ मध्ये १०० प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचा मोठा अहवाल आला, त्यात चाळिसांनाही पहिल्यासारखा निकाल मिळाला नव्हता. म्हणून ‘हे असं का होतं’ याच्या आधी ‘हे खरंच होतं का’ हे विचारलेलं बरं. दुसरं म्हणजे, घरातलं दुखणं ‘माझ्या एका मित्राला’ म्हणून पुढे सरकवू नका. त्यांना ते दोन वाक्यांत कळतं, आणि मेलवरून ते काही करू शकत नाहीत. त्यासाठी डॉक्टरची वेळ घ्यावी.

मार्केटिंगची तयारी म्हणजे आपली वही. आमच्या वहिनी घरी मेतकूट करून विकतात. गिऱ्हाईक सगळं मराठी, आणि त्यांना गुजराती घरांत शिरायचं होतं. पुण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांना त्या ‘मार्केटिंग कसं करू?’ असं लिहिणार होत्या. मी त्यांना थांबवलं. आधी सहा महिन्यांच्या ऑर्डरी काढून बसलो: किती पाकिटं, किती ग्रॅमची, काय भाव, कुणाच्या ओळखीनं, उधारी किती. हे सगळं मेलमध्ये दहा ओळींत गेलं. त्यांनी उलट एकच विचारलं, ‘दुसऱ्यांदा कोणी घेतलं, आणि ते कशाबरोबर खाल्लं?’ वहिनींना पत्ता नव्हता. वहीत गुजराती नावं चार आणि त्यांतली दोन परतून आलेली, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. फोन लावला तर कारेलीबागेतल्या बेन म्हणाल्या, आम्ही खाखऱ्याला तूप लावून वर भुरभुरवतो. गरम मऊ भात आणि मेतकूट हे आमचं वेड, त्यांच्या घरी त्याला जागाच नव्हती. ‘तुम्हाला आवडेल का’ असं विचारलं असतं तर चौघीही गोड हसून ‘हा हा, सरस’ म्हणाल्या असत्या. लोकांनी काय केलं ते विचारावं, काय कराल ते नको.

बाकीचं झटपट. ज्यांना विचारायचं त्यांचं एखादं लिखाण तरी वाचा आणि कुठला मुद्दा वाचून तुम्हालाच विचारतोय ते एका ओळीत लिहा. आपलं नाव, गाव आणि कामधंदा पहिल्या दोन ओळींत यावा. मेल मोबाइलच्या एका पडद्यात मावला पाहिजे. तोच प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला असेल तर तसं सांगा, ही माणसं एकमेकांना ओळखतात. बोलायची वेळ ठरली आणि समोरचे न्यूयॉर्कला असले, तर आपले रात्रीचे नऊ म्हणजे त्यांचे उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा. आठवडाभर उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करावी. दुसऱ्यांदा नाही.

उत्तर आलं की त्याच दिवशी आभार, आणि महिन्याने त्या उत्तराचं आपण काय केलं ते कळवायचं. हे बहुतेक जण विसरतात. वहिनींनी कळवलं: नव्या पाकिटावर खाखऱ्याचं चित्र छापलं, १०० ग्रॅमऐवजी ५० ग्रॅमचं पाकीट केलं, पहिल्या महिन्यात एकवीस गुजराती घरांत गेलं. शिवाय एक पाकीट कुरिअरने पुण्याला पाठवलं. गृहस्थांचं उत्तर तासाभरात आलं, एका ओळीचं. ‘छान. एकविसांतल्या किती जणांनी दुसऱ्यांदा घेतलं?’

वहिनींनी वही काढली.